डायरेक्टर वर येत नाही

“मेला पायजे,” नाथाजी म्हणाला. “त्याबिगर पुढची रिळं आणू देणार न्हाई.”

कृष्णात कॅमेऱ्याची चावी पिळत होता, तो थांबला. विहिरीच्या काठावर डायरेक्टरचं काम करणारा सिद्धू ओलाचिंब उभा होता. त्याच्या टोपीत बेडूक होता. तो पकडण्यात सगळी सकाळ गेली होती.

“काका, हसायचं पिच्चर हाय ह्ये. गावातली पोरं पिच्चर काढाय जात्यात आन सगळं उलटं हुतंय. डायरेक्टर कॅमेरा घिऊन मागं मागं सरकतो, हिरीत पडतो आन वर येतो तवा टोपीत बेडूक. लोक लोळत्याल हसून.”

“वर यायचा न्हाई. बुडून मरायचा.”

“आवं पर का?”

“मला तसं आवडतंय.”

“मग बेडूक सोडू का ठिवू?” सिद्धूनं विचारलं.

नाथाजी कृष्णातचा चुलता. त्याच्याच उसाच्या पैशावर हे पिक्चर चाललं होतं. काल, पहिल्या दिवशी, हाच माणूस पोट धरून हसत होता. पाटलाची खोटी दाढी शेळीनं खाल्ली तेव्हा तर त्याला खाली बसावं लागलं. एका रात्रीत त्याला मरणाची गोडी कुठनं लागली, हे कृष्णातला कळेना.

कृष्णात लढाईवरनं परतला त्याला वर्ष झालं होतं. इटलीत एका गोऱ्याला रम पाजून त्यानं हा कॅमेरा मिळवला होता. उसाला पाणी पाजण्यात त्याचं मन नव्हतं. माधवनगरला तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या भाऊसोनं त्याला शब्द दिला होता, “माझ्या तंबूत लोकांस्नी हसीव. हसले तर कोल्हापूरच्या कंपनीत तुला मी स्वतः घिऊन जातो.” कृष्णातनं सगळी आशा त्या हसण्यावर ठेवली होती.

पण रिळं चुलत्याच्या हातात होती. डायरेक्टर मेला.

दुसऱ्या दिवशी नाथाजी परत आला. “डायरेक्टरचं नाव काय ठिवलंस?”

“गुंडा.”

“गुंडा नगं. कृष्णात ठीव.”

“माझं नाव?”

“खरा डायरेक्टर तूच न्हवं का? नाव नगं व्हय तुझं पडद्यावर?”

कृष्णात जरा सुखावला. नाव बदललं.

मग मयताचा सीन आला. तिरडीवर सिद्धूला गुदगुल्या व्हायच्या. एकदा मयत शिंकलं, एकदा बैलानं येऊन त्याचं तोंड चाटलं. शोक करायला लुगडी नेसवून गडी बसवले होते, त्यातल्या एकाच्या मिशा पदराबाहेर आल्या. कृष्णातला वाटलं, चला, एवढं तरी हसायला मिळालं. तोच त्याची आई मनुबाई पुढं झाली. कॅमेरा दिसला की दाराआड होणारी बाई.

“ह्या मिशीवाल्यास्नी उठीव,” ती म्हणाली. “रडाय मी बसते.”

आणि ती अशी रडली की तिरडी धरलेले गडीही रडायला लागले. कॅमेऱ्याची चावी संपली तरी तिचं रडं संपेना. मिशा दिसलेला रिळाचा तुकडा नाथाजीनं कापायला लावला.

तंबूतल्या खेळाला मनुबाईनं शिराळ्यापासून लोणंदपर्यंतच्या पाव्हण्यांना गाड्या धाडल्या. कृष्णातची आत्या धोंडुबाई तर अंगात ताप असताना आली. पिक्चर मुकं होतं, म्हणून नाथाजी कर्णा घेऊन पडद्याशेजारी उभा राहिला.

सुरवातीला शेळीनं दाढी खाल्ली आणि तंबू हसून हलला. माधवनगरच्या गिरणीतले गडी बाकावर उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. भाऊसोनं कृष्णातच्या पाठीवर थाप टाकली, “जमलं गड्या!”

मग डायरेक्टर विहिरीत पडला. नाथाजीनं कर्ण्यातनं टाहो फोडला, “कृष्णात गेला रंऽ! आमचा कृष्णात गेला!”

बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. मग दुसरीनं. तिरडी निघाली तेव्हा पाव्हण्यांनी गळे काढले. धोंडुबाई उठली, धडपडत आली आणि यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कृष्णातच्याच गळ्यात पडली. “कृष्णाताऽ, कसा रं गेलास!”

“आत्ते, मी हितं हाय की!”

“व्हय रं बाळा, हितंच हुतास,” म्हणून ती आणखी रडली.

मनुबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती एकेका पाव्हण्याच्या तोंडाकडं बघत होती. ज्याचे डोळे कोरडे दिसतील त्याच्याजवळ जाऊन बसत होती.

गिरणीतले गडी उठून गेले. दिवा लागल्यावर भाऊसो म्हणाला, “निम्मं हसायचं आन निम्मं मयतीचं, आसं कुटं आसतंय व्हय? रडायला लोकांच्या घरात काय कमी हाय? कंपनीचं इसर आता.”

घरी आल्यावर कृष्णातनं कॅमेरा उचलून माळ्यावर टाकला.

“लढाईत जिता ऱ्हायलो ते ह्याच्या आशेवर,” तो म्हणाला. “तुमी दोघांनी मातीत घातलं, आये. काय वाकडं केलं हुतं मी तुमचं?”

नाथाजीनं मान खाली घातली. मनुबाईनं गुळाचा खडा आणला आणि पोराच्या तोंडाशी धरला. त्यानं तोंड फिरवलं.

“लढाईभर तारवाल्याची सायकल दिसली की मी दाराला कडी घालायची,” ती म्हणाली. “मग कुणाच्या दारात खोटी तार धाडाय माझा हात धजंना रं. पर पयल्या दिवशी तू कॅमेऱ्याला डोळा लावून वाकला हुतास, तवा कावळा तुझ्या डोक्यावर येऊन बसल्याला आमी दोघांनी बघितला, आन त्यो मरणाचा अपशकुन टळाय तू मेलास म्हणून पाव्हण्यांनी एकदा रडाय पायजेच हुतं.”