चार बोटं

"फक्त मागची बाजू उचला. आणि उचललीय हे दिसता कामा नये," गिऱ्हाईक म्हणालं.

गॅरेजवाली हात पुसत गाडीखालून बाहेर आली. डोंगरात गाड्या घालणारे हौशी तिच्याकडे नेहमी येत. त्यांना गाडी उंटासारखी हवी असे. पुढून वर, मागून वर, चाकं ट्रकची, आणि रस्त्यात सगळ्यांनी माना वळवून बघायला हवं. दिसू नये म्हणून खर्च करणारा हा पहिलाच.

तिनं टेबलावर दोन वस्तू मांडल्या. "ही रबराची चकती. स्प्रिंगवर बसवली की दीड इंच वर. पण वजन टाकलंत की गाडी आत्ता दबते तितकीच दबणार. आणि ही जाड तारेची स्प्रिंग. रिकाम्या गाडीत कंबर मोडेल तुमची, पण लादली तरी मागून बसणार नाही. मागे काय असतं?"

"काही नाही हो, ताई. रिकामीच फिरवतो," तो म्हणाला आणि त्यानं जाड स्प्रिंग उचलली.

रिकाम्या गाडीला जाड स्प्रिंग. उपाशी माणसानं पट्टा सैल करून घ्यावा, तसलं हे. तिनं जॅक ओढला आणि कामाला लागली.

जंगलाच्या नाक्यावर तिचा थोरला भाऊ पहारेकरी होता. चोरीचं लाकूड तिथूनच बाहेर जायचं, असल्याच गाड्यांतून. दादा प्रत्येक गाडी उघडत बसत नसे. मागच्या चाकाशी वाकायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, आणि टायर नि मडगार्डच्या फटीत चार बोटं एकावर एक घालायचा. बसली, जा. नाही बसली, उघड. ही त्यांच्या बापाची रीत. याच गॅरेजात दोघं भावंडं ती शिकली होती.

"नाक्यावरचे सगळे विकले गेलेत. तुझा दादा तेवढा काय आभाळातून पडलाय?" शेजारचा पंक्चरवाला गेल्या आठवड्यात म्हणाला होता. पान्हा उगारून तिनं त्याला हाकललं होतं. पण परवा दादा नव्या कोऱ्या मोटारसायकलवरून आला, आणि हाकललेलं ते वाक्य तिच्या डोक्यात परत येऊन बसलं.

स्प्रिंगा बसल्या. "आता वजन टाकून बघू," ती म्हणाली. दोघांनी मिळून भंगारातले गिअरबॉक्स मागे चढवले.

"अजून टाका," तो म्हणाला. मग पुन्हा, "अजून."

"बरंच मावतं हो तुमच्या रिकाम्या गाडीत."

तो दात काढून हसला. मग चाकाशी उकिडवा बसला, अंगठा तळव्यात दुमडला, आणि चार बोटं फटीत घातली.



"असं मोजायला कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? तुमचा हात घाला बरं जरा."

तिनं घातला. चार बोटं बसली.

"तुमची बारीक आहेत, ताई. जाड बोटांची बसायला हवीत. किंचित वर घ्या अजून."

जाड बोटांची. दादाच्या हाताला बाजारातला हातमोजा कधी झाला नव्हता. म्हणजे मेल्यानं बापाची रीत विकली ती विकलीच, वर बोटांचं मापही देऊन टाकलं! पंक्चरवाला खरा ठरला. ज्याच्यासाठी जगाशी भांडायचं, त्यानंच आपल्या तोंडात शेण घालायचं. तिच्या मुठीत पान्हा होता. तो तिनं हळूच खाली ठेवला.

"नाक्यावर कुणी ओळखीचं दिसतंय तुमच्या," ती म्हणाली.

"ओळखीचं? तो चारबोट्या?" तो पचकन थुंकला. "अहो, तो ओळखीत आला असता तर ही उठाठेव कशाला केली असती? बाकी सगळे आपलेच आहेत. हा एकच हरामखोर. गोडीनं सांगून झालं, दम देऊन झाला. घेत नाही, बधत नाही. गेल्या खेपेला सगळा माल भर रस्त्यात उतरवला त्यानं. लोक उभं राहून बघत होते, ताई!"

तिनं पटकन डोकं मडगार्डखाली घातलं. चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

"मग हे काम नीटच करायला हवं," ती आतून म्हणाली.

तिनं गाडी पुन्हा जॅकवर घेतली, स्प्रिंगवर एक पातळ चकती चढवली, गाडी खाली सोडली. मग वेल्डिंगचा जाड हातमोजा घातला, अंगठा दुमडला, आणि फट तपासली.

"घ्या. जाड बोटांची चार. केसभरही जास्त नाही."

"वा! याला म्हणतात हात!" तो खूश झाला. "आणखी गाड्या पाठवतो तुमच्याकडे."

"पाठवा की. सगळ्या पाठवा."

गिअरबॉक्स उतरवून तो गेला. धूळ बसेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिनं फोन लावला.

"दादा, मोटारसायकल घेऊन ये. परवा साखळी सैल वाजत होती."

"मग परवाच बोलायचं ना! तेव्हा तर तोंड फुगवून बसली होतीस."

"परवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं," ती म्हणाली. "आणि ऐक. उद्यापासून अंगठा दुमडू नकोस."