हात जोडले की बाहेर

भिमाजींनी हात जोडले आणि तिसऱ्यांदा सगळं गायब झालं.

समोरचा स्तूप गेला, चैत्याच्या लाकडी कमानी गेल्या. उरला नुसता काळोख. त्यात 'भेट दिल्याबद्दल धन्यवाद' अशी पाटी तरंगत होती.

"लेणं पुन्यांदा पळालं की गं!" हेडसेट कपाळावर सरकवत ते म्हणाले. पहिल्या वेळी हसले होते. आता हसले नाहीत.

त्यांच्या लेकीला, यशोधराला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाजे लेणीची ही आभासी सफर तिच्या कंपनीची, आणि त्यातल्या हातांच्या खुणा तिनेच ठरवलेल्या. मूठ उघडली की पुढे जायचं, बोट दाखवलं की माहिती ऐकायची, हात जोडले की बाहेर पडायचं. ऑनलाइन मीटिंगच्या शेवटी सगळे हात जोडूनच तर निरोप घेतात! ऑफिसातल्या पोरापोरींवर चाचण्या घेतल्या. स्तूपासमोर एकानेही हात जोडले नाहीत. चाचण्या झकास पार पडल्या. आणि जिच्या घरात रोज संध्याकाळी वंदना होते, तिलाही हे सुचलं नाही.

गुडघे गेल्यापासून भिमाजींचं लेणीवर जाणं बंद झालं होतं. त्याआधी एक बुद्धपौर्णिमा चुकली नव्हती. म्हणून तर लेकीने हेडसेट तळेगावच्या घरी आणला. "बाबा, आता घरबसल्या वंदना करा," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनीही अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता.

तिने तिथूनच आपल्या साहेबांना, अतुलला, फोन लावला.

"खूण बरोबर ओळखली जातेय ना? मग दोष आपला नाही," अतुल म्हणाला. "परवा लोणावळ्याच्या हॉटेलात सफरीचं उद्घाटन आहे. आता बदल नको. तुझ्या आवाजात एक सूचना टाक आणि विषय संपव."

यशोधराने भांडायला हवं होतं. पण बढती तोंडावर आली होती. ती "बरं सर" म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन तिने सूचना रेकॉर्ड केली, तीही अगदी गोड आवाजात, आणि हेडसेट पुन्हा बाबांच्या डोळ्यांवर चढवला.

"आता नाही पळणार लेणं."

"बघू," भिमाजी म्हणाले.

मूठ उघडत ते चैत्यात शिरले. सावकाश स्तूपापाशी जाऊन थांबले. हात छातीपाशी आले, तोच कानात लेकीचा आवाज आला, "कृपया इथे हात जोडू नका."

हात तसेच अधांतरी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हेडसेट काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"माझ्या बापाला बी देवळाच्या दारात असंच थांबवायचे," ते म्हणाले. "पर त्यो आवाज परक्याचा असायचा, पोरी."