खरं औषध कोणाच्या डबीत

तोतारामनं शर्टाची गुंडी स्वतःच्या हातानं लावली, आणि समोरच्या बाकावर बसलेल्या कोकिळाची नजर तिथंच खिळली.

तिच्या शेजारी तिचा नवरा योगराज बसला होता. त्याच्या गुंड्या तिनंच लावलेल्या, अगदी गळ्यापर्यंत. दोघांच्याही मेंदूत गाठ. दोन महिन्यांपूर्वी दोघांचेही डावे हात सारखेच लुळे होते.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात संशोधन चाललं होतं. दात काढताना हिरडीत टोचतात ते, शिरा बधिर करणारं औषध. तेच गोळीतून दिलं तर मेंदूतली गाठ वाढायची थांबते का, हे बघायचं होतं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती भुकटी. कोणाच्या डबीत काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"काल डावा हातघाई भाकर मोडी यासनी," नरडाण्याची नूतन नवऱ्याकडे, तोतारामकडे बघत म्हणाली. महिन्याची नवी डबी तिच्या मांडीवर होती.

"डाव्या हातानं मोडणारच," कोकिळा म्हणाली. "तुझ्या डबीत औषध, माझ्या डबीत मैदा."

"कोनी सांगं तुम्हले, अक्का? डॉक्टरले बी माहीत नही."

"डॉक्टरांना नसेल. मला दोन डोळे आहेत."

कोकिळानं नवस दोघांच्याही नावानं बोलला होता. आता त्यातला निम्मा परत घ्यावासा वाटत होता.

"एक महिना डब्या बदलू या का गं?" तिनं हसत विचारायचं ठरवलं होतं. हसू आलंच नाही.

तोताराम दुसऱ्या गुंडीशी झटत होता. ती लागेपर्यंत नूतन बघत राहिली.

"बदलानी नही," ती शेवटी म्हणाली. "मिसळी टाकूत. श्रावणमा तुमना घरना रोट खादात आम्हीन. आते परकं कोन ऱ्हायनं?"

कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचा नसतो. गाडी चुकली म्हणून आपल्या देवपूरच्या घरी मुक्कामाला राहिलेल्या या दोघांना कोकिळानं तो वाढला होता, सासूकडे न बघता.

नूतननं बाकावर पदर पसरला. आधी तिची डबी रिकामी झाली, मग कोकिळाची. सगळ्या गोळ्या पांढऱ्या, एकाच मापाच्या.

"एक तुम्हीन उचला, एक मी," नूतन म्हणाली.

तोतारामच्या डबीतल्या गोळ्या डाव्या अंगाला पडल्या होत्या. कोकिळानं ते नीट बघून ठेवलं होतं. तिनं पहिली गोळी डावीकडची उचलली. दुसरीही. तिसरीच्या वेळी उजवीकडे हात नेल्यासारखं केलं, आणि उचलली डावीकडचीच.

नूतननं मान वर केली नाही. तिनं गोळ्यांत हात घातला आणि पीठ कालवावं तशा सगळ्या खालीवर केल्या.

"आते ल्या, अक्का."