वॉरंटी बाद

बुध्यामामा काउंटरसमोर येऊन उभा राहिला तेव्हा योगिताने त्याला ओळख दाखवली नाही. नाशिकचे साहेब तिच्या शेजारीच खुर्ची ओढून बसले होते. जव्हारच्या या मोबाइल सर्व्हिस सेंटरमध्ये तिला अजून कायम केलेलं नव्हतं. ते ठरवायलाच साहेब आले होते.

मामाही ओळखीचं काही बोलला नाही. त्याने बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून पुढे ठेवला.

"पलीकडला बोलतो, ता ऐकू येत नाय."

साहेबांनी फोन उचलून काही आकडे दाबले आणि पडद्याकडे पाहिलं. "यात मराठी कुठून आली? या मॉडेलला मराठी नाही."

योगिताची बोटं कीबोर्डवर थांबली. दिवाळीत तिनेच हा फोन बाजारातल्या उमेशच्या दुकानात नेला होता. उमेशने कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं होतं. साक्षरता वर्गात मामा नुकता लिहायला लागला होता, आणि फोनमध्ये सगळं इंग्रजी.

"साहेब, बिघाड स्पीकरचा आहे," ती म्हणाली. "सॉफ्टवेअरचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"नसू दे. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की वॉरंटी बाद. कंपनीचा नियम आहे." साहेब मामाकडे वळले. "कोणी टाकून दिलं हे?"

मामाने योगिताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मीच टाकला," मामा म्हणाला.

साहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत भाताच्या आवणीचा चिखल होता. "तुम्ही?"

"हां. मीच."

साहेब हसले आणि फोन योगितापुढे सरकवला. "बाद करून टाक."

तिने कागदावर शिक्का मारला. शिक्का इंग्रजीत होता. मामाने तो कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून फोनबरोबर पिशवीत ठेवला.

"जाव का मंग, मॅडम?"

ती रांगत होती तेव्हापासून तो तिला 'बाय' म्हणत आला होता.

"हो," योगिता म्हणाली.

साहेब चहाला गेले. काचेतून तिला मामा जीपच्या थांब्यावर दिसला. फोन डोळ्यांजवळ धरून तो अंगठ्याने सावकाश काहीतरी दाबत होता. साखरशेत गावाला जाणारी जीप भरली. लोकांनी हाका मारल्या तरी त्याने मान वर केली नाही. शेवटी फोन खिशात टाकला आणि मागच्या फळीवर लटकून तो निघून गेला.

योगिताच्या पर्समधला फोन वाजला. मामाचा मेसेज होता. तिचा फोन कंपनीकडूनच मिळालेला, त्याच मॉडेलचा, आत कुणी हात न लावलेला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नव्हतं. एकाला एक लागून नुसते रिकामे चौकोन.