नवीन शेतकरी

किन्हीराजाच्या शेतकरी कंपनीच्या वार्षिक सभेत वाशीमहून आलेल्या अश्वजितनं नवा डॅशबोर्ड भिंतीवर लावला. कोणत्या गावचा माल ओला येतो, कोणाचा स्वच्छ, विकायचं कधी, हे सगळं आता इथं दिसेल, असं त्यानं सांगितलं. मग एक बटण दाबून गेल्या तीन हंगामांतलं सर्वांत चांगलं सोयाबीन कोणाचं ते काढलं आणि सत्काराची शाल हातात घेऊन नाव पुकारलं, "ग्यानबा खिल्लारे!"

मागून ग्यानबाची बायको गंगूबाई उठली आणि पुढं आली.

"काकू, काकांनाच येऊ द्या ना. शाल त्यांच्या नावाची आहे," अश्वजित म्हणाला.

"ते त कोरोनातच गेले, बापू."

"पण माल तर त्यांच्याच नावावर येतोय!"

"सातबारा त्यायचा होता, म्हून वजनकाट्यावर नाव त्यायचंच चढत गेलं. पेरलं मी, चाळून आणलं मी. आता वावर माह्या नावावर झालं. शाल राहू दे, आधी नाव बदल."

त्यानं तिथल्या तिथं बदललं. भिंतीवर अक्षरं उमटली: गंगूबाई खिल्लारे. नवीन शेतकरी. मागील माहिती उपलब्ध नाही.

कोणीतरी हसलं. गंगूबाईनं खुर्ची ओढली आणि अश्वजितच्या शेजारी ठाण मांडलं.

"आण आता एकेक हंगाम माह्या नावावर. मी बसली आहो."