दिशाच्या बदली आलेला माणूस

दिशा अंगणात शिरली तशी शरीफाचाची झोपाळ्यावरून उठली आणि आधी तिने दिशाच्या कपाळाला हात लावला.

“उतरला गो ताप?”

“कसला ताप?” दिशा हसली. खांद्यावरची पोस्टाची पिशवी तिने ओट्यावर ठेवली.

“टायफाईड झाला होता ना तुला? मी म्हटलं, ही काही आता महिनाभर इकडे फिरकत नाही. कोलंबीचे सोडे पाठवले होते त्याच्याकडे तुझ्यासाठी. मिळाले ना?”

“कोणाकडे?”

“तुझ्या बदली आला होता ना गेल्या आठवड्यात, दापोलीच्या पोस्टातून, त्याच्याकडे. चांगला होता बिचारा. एवढ्या उन्हातून आला, पण पाणीसुद्धा मागितलं नाही.”

दिशाचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तिला ताप आला नव्हता. तिने रजा घेतली नव्हती. आणि खाडीकाठच्या या मोहल्ल्यात तिच्याशिवाय पोस्टाचं दुसरं माणूस कधी येतच नव्हतं.

बँक होती दापोलीला. दोन गाड्या बदलून जायचं, त्यात अख्खा दिवस मोडायचा. म्हणून दिशानेच घरोघर हिंडून इथल्या बायकांना पोस्टात खाती उघडून दिली होती. अंगठ्याचं मशीन घेऊन ती दारात यायची. बायका अंगठा टेकवायच्या आणि ओट्यावर बसल्या बसल्या पैसे काढायच्या, ठेवायच्या.

“चाची, काय केलं त्याने इथे?”

“काय करणार? मशीन बदललंय म्हणाला, आधार नंबर नि अंगठे नव्याने घ्यायचेत. सगळ्या मोहल्ल्याचे घेतले. पैसे नाही हां मागितले कोणाकडे.”

दिशाने पिशवीतून मशीन काढलं. फोनला त्याची वायर जोडताना ती दोनदा चुकली.

“अंगठा टेका बघू.”

चाचीने अंगठा टेकला. पडद्यावर आकडा आला. दिशाने तो पुसून पुन्हा बघितला. आकडा तोच होता. खाली एकाखाली एक नोंदी होत्या. पहिली, तो माणूस येऊन गेला त्याच संध्याकाळची. शेवटची आज सकाळची.

“किती आहेत?” चाचीने विचारलं. नातीच्या, मनालच्या नर्सिंगची फी होती त्या खात्यात. पुढच्या आठवड्यात चिपळूणला भरायची होती.

चाचीला वाचता येत नाही हे विसरून दिशाने फोन तिच्यापुढे धरला. तेवढ्यात रुबिना, चाचीची सून, हात पुसत बाहेर आली. तिने वाकून वाचलं.

“हे काय? यात तर दापोलीपर्यंतचं तिकीटसुद्धा येणार नाही.”

“तो पोस्टातला नव्हता,” दिशा म्हणाली. “त्याने तुमचे अंगठे चोरून नेले. रोज थोडे थोडे पैसे काढतोय. आजही काढलेत.”

“या अल्ला. म्हणून फोन वाजायचा,” चाची म्हणाली. “मला वाटलं, कंपनीचे मेसेज.”

ती खालीच बसली. रडली नाही, ओरडली नाही. उजव्या हाताचा अंगठा तिने डाव्या मुठीत गच्च धरला, कुठे कापल्यासारखा.

ओरडली ती रुबिना. त्या आवाजाने शेजारपाजारच्या बायका अंगणात जमल्या. दिशाने तोवर पोलिसांच्या नंबरवर तक्रार नोंदवली होती. ती बायकांकडे वळली.

“तुमचे पैसे अजून उरले असतील. पटकन फोन घेऊन या. अंगठ्याला कुलूप लावता येतं. तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो मला सांगा. कुलूप लागलं की त्याला काही काढता येणार नाही. लवकर करा.”

कोणी हललं नाही.

“लवकर करा, असं तोही म्हणत होता,” मागून एक बाई म्हणाली.

दिशाने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

“तसलं त्याच्याही गळ्यात होतं,” रुबिना म्हणाली. तिचा नवरा अक्रम जहाजावर होता. त्याचा पगार तिच्या खात्यात यायचा. तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. “फोनवर आलेला नंबर कोणालाही सांगू नका, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? आणि अंगठा कोण चोरणार, हेही तूच म्हणाली होतीस.”

दोन्ही खरं होतं. याच ओट्यावर बसून दिशा तसं म्हणाली होती.

“मला ओळखता ना तुम्ही?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

नाही, असं कोणी म्हटलं नाही. पण फोन आणायलाही कोणी गेलं नाही.

शरीफाचाची गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली आणि आपला बटणांचा फोन घेऊन आली.

“आधी माझं लाव कुलूप.”

“चाची, तुमच्या खात्यात आता काही राहिलं नाही.”

“ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगते. यांना बघू दे.”

दिशाने तिचा आधार नंबर टाकला. चाचीच्या हातातला फोन वाजला. तिने तो दिशाला दिला नाही, सुनेपुढे धरला.

“वाच गो. मोठ्याने वाच.”

रुबिनाने ओढणीखालून हात काढला. तिने पहिला आकडा वाचला आणि दिशाकडे बघितलं. दिशाही थांबली.

मग रुबिनाने दुसरा आकडा वाचला.