पडद्यावरचा नंबर

अभिमन्यूचं काम एवढंच, सोलापुरातल्या रुग्णालयाच्या इंटरनेट फोनवरून कोण कुणाला कॉल लावतंय ते मुक्त सॉफ्टवेअरच्या पडद्यावर नुसतं पाहायचं. बोलणं ऐकू येत नाही, अडवताही येत नाही. आज त्याची आई अतिदक्षता विभागात होती. तिथून नातेवाइकांना फोन जायचा तो वाईटच सांगायला. दुपारी तिथून कॉल निघाल्याची ओळ उमटली. डोळे मिटून तो पुटपुटला, “पांडुरंगा, माझा नंबर नको!” डोळे उघडले, तर नंबर दुसराच. “वाचवलंस रे देवा!” म्हणत त्यानं हात जोडले, तोच दारात मोबाईल वाजला. आईशेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको बनाबाई त्याच्या आईसाठी सिद्धेश्वराचा अंगारा घेऊन आली होती. वाजणारा फोन तिनं पुढं केला. “लेकरा, कुणाचा हाय बघ की. मला वाचाय येत न्हाय.” जोडलेले हात सुटेनात.